गाभाऱ्याबाहेरच्या पेडणेकर मॅडम

पेडणेकर मॅडम सर्व्हर रूममध्ये कधी पाऊल टाकत नसत. सगळी कामं दाराबाहेर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आत गेलं की आपण देव झाल्यासारखं वाटतं. नको बाबा."

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात जुन्या मालिकांचं चित्रीकरण जपून ठेवतात. मी नववीत शाळा सोडून वाशीमहून आलेला. जुन्या डिस्क जोडायच्या, मागतील त्या फायली काढून द्यायच्या, एवढंच माझं काम. पण त्या डिस्क कुठल्याशा बंद झालेल्या यंत्राच्या. आमच्या सर्व्हरला त्या वाचताच येईनात, आणि त्या वाचता आल्या नाहीत तर मला पगारावर ठेवायला काही कारण उरत नव्हतं.

मॅडमनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालू केला की डिस्कवरचं सगळं साध्या फोल्डरसारखं दिसायचं. ॲडमिनचा हक्क लागत नसे. तो हक्क फक्त पदवीधरांना.

"कर्नल म्हणजे सर्व्हरचा गाभारा," त्यांनी मला समजावलं. "आपला प्रोग्राम सभामंडपात बसणार. जरा हळू चालेल. पण पडला तर एकटा पडेल, देवाला घेऊन नाही पडणार. तू परत चालू कर, झालं."

आमच्या घरात देव नाहीत, पण गाभाऱ्याबाहेर थांबणं म्हणजे काय, हे मला वेगळं समजवावं लागलं नाही.

सिस्टीम विभागाच्या दळवी साहेबांना मात्र ते खटकलं. "असं बाहेरून? आपण काय फेरीवाले आहोत?"

"फेरीवाल्याची गाडी उलटली तर त्याचे टोमॅटो सांडतात, दळवी. रस्ता नाही खचत."

वेग वाढवण्यासाठी समिती बसली. प्रोग्राम नव्याने लिहून मानाने कर्नलमध्ये घ्यायचं ठरलं. मुहूर्ताला सर्व्हर रूममध्ये नारळ, पेढे आणि सगळी समिती. साहेबांनी एंटर दाबलं. प्रोग्राम पहिल्याच डिस्कला अडखळला आणि अख्खा सर्व्हर बसला. दारांची कार्डंही त्याच सर्व्हरवर, त्यामुळे दार उघडेना. मॅडम काचेतून म्हणाल्या, "पेढे पुरवून खा रे."

चौकशीत बोट माझ्याकडे वळलं. शिकलेला नाही, त्यानेच कर्नलमध्ये कुठेतरी हात घातला असणार. गावी जाऊन आईला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मॅडम न बोलावता आल्या.

"ह्याला कर्नलमध्ये काही करायचा हक्क आहे?"

"मुळीच नाही," दळवी साहेब ताठ होत म्हणाले.

"कधी चुकून दिला होता?"

"शक्यच नाही. आमची व्यवस्था तेवढी कडक आहे."

"मग ह्याने आतलं पाडलं कसं?"

शेवटी लेखी निकाल आला: 'सदर कर्मचाऱ्याची सर्व्हर बंद पाडण्याइतकी पात्रता नाही, सबब तो निर्दोष.'

त्यानंतर लवकरच मॅडम निवृत्त होऊन मालवणला गेल्या. जाताना तो निकाल लॅमिनेट करून माझ्या हातात ठेवला. "घराक धाड. आवशीक सांग, झीलाक मुंबयत पयला सर्टिफिकेट गावला."

मी पाठवला. आईला वाचता येत नाही, म्हणून तिने तो गावातल्या मास्तरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिला सांगितलं, "नोकरी राहिली त्याची."