मार्जिन पॉझिटिव्ह

नांदेडात माझा पपईचा गाडा हाय. शाळेचं तोंड बघितलं न्हाई, पण धंद्यातले चार इंग्रजी शब्द फेकतो. त्यातल्याच एकानं मला तोंडावर पाडलं.

घरचीच्या खांद्यावर गाठ आली. मी म्हणलो, माझा संसार वाहून घट्टा पडला आसंल. ती हसली. डॉक्टर म्हणले, कातडीचा असला आजार लई कमी लोकांना होतो, मार्जिन घेऊन काढू. मी म्हणलो, घ्या की साहेब, तुमचा बी धंदाच हाय.

गाठ काढली, तपासायला गेली. आठ दिवसांनी गाड्यावर गिऱ्हाईक असताना दवाखान्यातून फोन आला. बाई म्हणल्या, "मार्जिन पॉझिटिव्ह आलंय, डॉक्टरला येऊन भेटा."

आता मार्जिन म्हंजी आम्हाला नफा. कोरोनातलं पॉझिटिव्ह मला ठाऊक होतं, पण नफ्याला चिकटून आलेलं वाईट कसं आसंल? मी गल्लीत पेढे वाटले. तिला माहूरला नेऊन देवीची ओटी भरली. डॉक्टरला भेटायचं का, तिनं दोनदा विचारलं. मी म्हणलो, तिथं जाऊन काय आरती करायची?

वरीसभरानं टाक्यांच्या त्याच वणावर पुन्हा गाठ. तिचा भाऊ जळकोटाहून आला अन् आम्हा दोघांना लातूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद वाचले अन् माझा धंदा विचारला.

"काका, पपईवरचा डाग कसा कापता?"

"भोवतालचं दोन बोटं चांगलं बी काढतो. न्हाईतर डाग आत राहतो, सांजपर्यंत पुन्हा सडतं."

"त्या दोन बोटांनाच मार्जिन म्हणतात. यांच्या गाठीच्या कडेला डाग राहिला होता. तेव्हाच परत कापायचं होतं. निरोप कुणी घेतला?"

मी पिशवीचे बंद सारखे करायला लागलो. घरची म्हणली, "मीच घेतला होता बाई. ध्यानातून गेलं."

मग तळहाताएवढं कापलं. मांडीची कातडी काढून खांद्यावर लावली. या बारीला कडा साफ आल्या. कागद मी तिघांकडून वाचून घेतला. तिचा हात अजून पुरता वर जात न्हाई. केसांची येणी माझ्याकडून घालून घेती, वाकडी होती.

दर तपासणीला डॉक्टरीणबाई तिलाच दटावतात, असा हलगर्जीपणा पुन्हा करू नका म्हून. ती मान हलवती. मी बाजूला पिशवी धरून उभा ऱ्हातो, अजून.