बंद नावाचं बटण

माझ्या धाकट्या भावाला सगळे अपडेट म्हणतात. ही थट्टा आहे आणि त्याला ती पदवी वाटते, यातच त्याची निम्मी ओळख आली. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं नोकरीला आहोत. मी ऑफिसात बसून तक्रारीचे फोन घेते. तो इमारतींच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, वंगणात कोपरापर्यंत हात घालतो. कामाला वाईट नाही, पण अर्धं लक्ष कायम खिशात.

फोनचे वेडे पुष्कळ असतात. कुणाला कॅमेरा हवा, कुणाला खेळ हवेत. आमच्या वेड्याची तऱ्हा निराळी. त्याला कामाचे फोन आवडतात, म्हणजे कंपन्या आपल्या माणसांच्या गळ्यात मारतात ते. जाड, काळे, कडेला रबर असलेले, ज्यांच्याकडे बघून कुणाला प्रेम वगैरे सुचणार नाही. बारक्या बटणांचा अख्खा कीबोर्ड असलेला एक फोन त्यानं जुन्या बाजारातून आणला होता. तो आधी कुणा विमा एजंटाचा असावा, कारण दर सोमवारी सकाळी तो केकाटून सांगायचा की साठे यांना हप्त्याची आठवण करून द्या. अपडेटनं ते पुसलं नाही. "कामाच्या फोनला शिस्त असते, ताई," असं म्हणून तो त्या परक्या हप्त्याच्या गजरावर उठून दाढी करायचा.

मग पेनानं लिहायचा फोन आला. त्यावर त्यानं आईची औषधं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली. फोननं ते अक्षर वाचून 'रक्तदाब'चं 'रक्तदान' केलं आणि आई आठवडाभर दाराची बेल वाजली की आत जाऊन बसायची. हजेरीचं ॲप, कागद स्कॅन करायचं ॲप, मीटिंगमध्ये बोललेलं टिपून घेणारं ॲप, सगळी त्यानं वापरून पाहिली आणि सगळ्यांची वकिली केली. मी त्याला म्हणायचे, तुला बायको मिळाली तर तिलाही आधी परवानग्या मागशील, कॅमेरा वापरू का, ठिकाण बघू का. तो हसायचा आणि मान खाली घालून पुन्हा स्क्रीन घासायचा. मला त्याचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. दोन्ही खरं आहे, त्यातलं एकही मी मागे घेणार नाही.

कंपनीनं सगळ्या मेकॅनिकांना कामाचे फोन द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. कुठला फोन घ्यावा हे साहेबांना त्यानंच पटवलं. पडला तरी फुटत नाही हे दाखवायला त्यानं तो जिन्यावरून खाली सोडला. फोन फुटला नाही, खालची फरशी फुटली. साहेब खूश झाले, कारण फरशी घरमालकाची होती. त्या दिवसापासून अपडेट मोबाइल प्रमुख झाला. पगार तोच, पण सगळ्या फोनांची किल्ली त्याच्या हातात आली. कुणाच्या फोनवर काय दिसावं, कुठल्या इमारतीला काय निरोप जावा, हे तो आपल्या फोनवरून ठरवू शकत असे.

फोनबरोबर ॲप आलं. ते सगळं इंग्रजीत होतं. ॲप बनवणाऱ्यांनी विचारलं की तुमच्या लोकांसाठी मराठी शब्द पाठवाल का. अपडेटनं ते काम माझ्या टेबलाच्या कडेवर बसून, माझ्या डब्यातलं खात, एका हातानं उरकलं. तक्रार 'ओपन' असेल तर 'सुरू'. तक्रार 'क्लोज्ड' झाली की 'बंद'. झालं. "दुसऱ्या कुठल्या कंपनीत मेकॅनिकला आपल्या भाषेत बटण आहे का सांग," असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मलाही अभिमान वाटला. शब्द सरळ होते आणि शाळेतल्या पोरालाही कळले असते.

मग एका दुपारी शिकवणी झाली. साध्या खुर्च्या मांडल्या, मेकॅनिक बसले आणि अपडेट मास्तरासारखा उभा राहिला. त्यात ग्रीसकाका होते. काका आमच्याकडचे सगळ्यात जुने मेकॅनिक. त्यांच्या बोटांत वंगण इतकं मुरलंय की फोनची काच ती बोटं ओळखतच नाही. म्हणून ते करंगळीच्या पेरानं टक टक करतात, दारावर थाप मारावी तसं. शिकवणी संपत आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे सुरू आणि बंद दोनच आहेत ना? मग लिफ्ट बंद पडली असेल तर?"

अपडेट तेव्हा कुणाचा तरी पासवर्ड बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "बंद असेल तर बंद दाबायचं काका, त्यात काय."

हे मी ऐकलं. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकानं ऐकलं.

पुढे जे व्हायचं ते एका पाच मजली इमारतीत झालं. काकांनी लिफ्ट तपासली, ब्रेकचे पट्टे झिजलेले दिसले. त्यांनी वरचा मेन स्विच पाडला, तळमजल्यावर 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी लावली आणि नवे पट्टे आणायला गोदामात निघाले. जाता जाता फोन काढला. समोर दोन बटणं होती, सुरू आणि बंद. ज्या माणसानं आत्ताच स्वतःच्या हातानं 'बंद'ची पाटी टांगली, तो 'सुरू' दाबेल का? काकांनी पेरानं 'बंद' दाबलं.

ॲपच्या हिशेबी तक्रार मिटली. इमारतीतल्या सगळ्यांना आपोआप निरोप गेला की आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, सेवेची संधी दिल्याबद्दल आभार. वॉचमननं तो वाचला, पाटी काढली, वर जाऊन स्विच चढवला. त्याचं काही चुकलं नाही. तिसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना असलेल्या एक डॉक्टरीणबाई आत शिरल्या. लिफ्ट थांबायच्या जागी थांबली नाही, खाली घसरली, मग एकदम हिसका बसला. बाई पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. दात काढणाऱ्या माणसाचं उजवं मनगट. मला फोन त्यांनीच केला, लिफ्टमधूनच.

"मला तुमचाच मेसेज आला होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या मेसेजवर विश्वास ठेवून मी आत पाय टाकला."

त्यांना बाहेर काढायला पहिले पोचले ते काकाच, नवे पट्टे खांद्यावर टाकून.

दोन दिवसांनी साहेबांनी ठरवलं की चूक काकांची. चुकीचं बटण दाबलं, निष्काळजीपणा, नोकरीवरून कमी. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये जाहीर करायचं. मी विचारलं की हे कशाच्या आधारावर, तर साहेबांनी दार लोटून घेतलं आणि मला शांतपणे समजावलं. एका माणसाची चूक असेल तर एक माणूस जातो. शब्दाची चूक म्हटलं, तर असं बटण आणखी कुठे कुठे दाबलं गेलंय ते शोधावं लागेल, इमारतींना कळवावं लागेल, कंपनीचं नाव जाईल. "काकांची तशीही निवृत्ती जवळ आलीय, मॅडम," असंही म्हणाले. मला इतका संताप आला की मी समोरचा ग्लासभर पाणी उभ्यानंच प्यायले. नाहीतर ते दुसरीकडे गेलं असतं.

अपडेटला त्यांनी वेगळं बोलावलं होतं. सगळ्या शाखांचे फोन आता त्याच्याकडे येणार होते. शिवाय दुमडणारा नवा फोन, ज्याचे फोटो तो मला वर्षभर दाखवत होता. अट काहीच नव्हती. फक्त शुक्रवारी गप्प बसायचं.

संध्याकाळी तो माझ्या घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. फोन खिशातच होता. असं मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

"ताई, मी काही बोललो नाही तर?"

"तर मी बोलेन," मी म्हटलं. "मी तिथेच बसले होते. काकांनी विचारलं होतं आणि तू मान वर केली नव्हतीस."

तो जेवला, ताट धुतलं आणि गेला. मला वाटलं, हातचा गेला. मी रात्रभर त्याच्यावर चिडले होते, हे आता सांगून टाकलेलं बरं.

शुक्रवारी सगळे त्याच खोलीत जमले. काका मागच्या रांगेत, धुतलेला शर्ट घालून, हात मांडीवर. साहेब बोलण्याआधीच शिक्षा मान्य केलेल्या माणसासारखे बसले होते आणि ते मला बघवत नव्हतं. साहेबांनी घसा साफ केला, तेवढ्यात अपडेट उठला.

"साहेब, दोन मिनिटं. डेमो दाखवतो."

डेमो म्हटलं की साहेबांना हरकत घेता येत नाही. अपडेटनं आपला फोन पहिल्या मेकॅनिकच्या हातात दिला. "ब्रेक गेलाय, लिफ्ट बंद करून तू निघालास. दाब." त्यानं 'बंद' दाबलं. दुसऱ्यानं दाबलं. तिसऱ्यानंही तेच. एक जण अडखळला, दोन्ही बटणांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "खरं तर तिसरं पाहिजे." फोन फिरत फिरत परत अपडेटकडे आला आणि त्यानं तो साहेबांपुढे धरला. साहेबांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"नाटकं पुरे," ते म्हणाले.

"नाटक नाही. हा शब्द माझा आहे. डबा खाता खाता लिहिला मी. काकांनी मला विचारलं होतं, मी त्यांना 'बंद दाबा' म्हणून सांगितलं. ह्यांनी फक्त माझं ऐकलं." मग तो साहेबांकडे वळला. "आणि साहेब, गेल्या महिन्यात आणखी कुणी कुणी हेच दाबलंय, ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. लोक आत्ता त्या लिफ्टमध्ये चढतायत."

"खाली बस."

तो बसला नाही. तो फोनवर काहीतरी करत होता. मी बाजूलाच असल्यामुळे मला दिसलं. ज्या ज्या इमारतींच्या तक्रारी 'बंद' झाल्या होत्या, त्या सगळ्या त्यानं निवडल्या आणि निरोप लिहिला: 'आमच्या मेसेजमधल्या बंद या शब्दाचा अर्थ दुरुस्त असा नाही. लिफ्ट आत्ता वापरू नका, आमचा माणूस तपासायला येतोय. चूक शब्दाची आहे, मेकॅनिकची नाही.' मोबाइल प्रमुखाला परवानगी लागत नाही. त्यानं पाठवून टाकला.

साहेबांच्या खिशातला फोन वाजला, कारण त्यांच्या स्वतःच्या इमारतीचाही ठेका आमच्याकडेच आहे. त्यांनी वाचलं. मान लाल झाली.

"हे बंद कर," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता बंद कर."

"कुठलं बंद, साहेब?" अपडेटनं विचारलं. "काम झालं म्हणून मिटवू, की धोका आहे म्हणून पाटी लावू? नीट सांगा, मी एकदा चुकलोय."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि लगेच खोकला काढला. साहेबांनी हात पुढे केला. अपडेटनं फोन त्यांच्या हातात ठेवला, कुलूप न लावता, आणि त्या क्षणी तो मोबाइल प्रमुख राहिला नाही. दुमडणारा फोन तर गेलाच. त्यानं रिकाम्या हाताकडे पाहिलं नाही, काकांच्या शेजारी जाऊन बसला.

एवढ्यात बाहेर माझ्या टेबलावरचे फोन वाजायला लागले. मी धावले. माझ्यामागे साहेब आले, त्यांच्यामागे सगळी खोली. "तांत्रिक बिघाड म्हणा," साहेब माझ्या कानाशी पुटपुटले. "सिस्टीम सुधारतोय म्हणा, बाकी काही नाही." मी पहिला फोन उचलला आणि सांगितलं की हो, शब्द आमचा चुकला, लिफ्ट वापरू नका, माणूस निघतोय. दुसऱ्यालाही तेच सांगितलं. साहेबांनी माझ्या टेबलावर हात आपटला. मी तिसऱ्यालाही तेच सांगितलं, थोडं मोठ्यानं. मेकॅनिक तोवर पिशव्या उचलून पत्ते विचारायला लागले होते. कुणी त्यांना जा म्हणालं नव्हतं.

चौथा फोन डॉक्टरीणबाईंचा होता. हाताला प्लास्टर असणार. मेसेज मिळाला, म्हणाल्या, दोनदा वाचला. मग विचारलं, "ते म्हातारे मेकॅनिक, मला ज्यांनी बाहेर काढलं, त्यांना तुम्ही कामावरून काढताय असं वॉचमन म्हणत होता. खरं आहे का?"

मी म्हटलं, "आमचे साहेब इथेच उभे आहेत. ते सांगतील." आणि स्पीकरचं बटण दाबून रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिसीव्हर मागे घेतला नाही. दारात मेकॅनिक पिशव्या घेऊन थांबले होते, काका त्यांच्यात सगळ्यात मागे, अपडेट त्यांच्या दंडाला धरून.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "काढलंय का त्यांना?"

साहेबांनी दाराकडे एकदा बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "कोण म्हणतं? आहेत ना ते. आत्ता निघतायत कामाला."

मी पाचवा फोन उचलला आणि काकांना पत्ता सांगितला.