करप्याचं पाणी

आम्ही जुने सहकारी भेटलो की कामाचं कुणीच बोलत नाही. संशोधनाचा निष्कर्ष दोन ओळींचा, त्यामागचे किस्से मात्र दरवर्षी वाढतातच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागलीवर, म्हणजे नाचणीवर, करपा रोग पाडणारी बुरशी एक विषारी प्रथिन सोडते आणि काही जातींची रोपं ते ओळखून प्रतिकार करतात, असा आमच्या सरांचा अंदाज. तो तपासायला सर, सुनंदा आणि मी जव्हारला खोल्या घेऊन राहिलो.

आधी रोगट पानं हवी होती. खोडाळ्यात लोक चांगली कणसंच पुढे करायचे. पाहुण्यांना करपलेलं काय दाखवायचं? आम्हाला आजारीच पान हवंय, असं सुनंदानं समजावलं, तर एक बाई शांतपणे म्हणाली, “मागच्या वर्षी यायचं होतं. सगळं शेत दिलं असतं.”

ती पानं घेऊन एसटीत बसलो. पिशवीवर सुनंदानं ठळक लिहिलेलं, ‘रोगग्रस्त. हात लावू नये.’ गाडी खच्चून भरलेली, पण तिघांच्या बाकावर जव्हारपर्यंत आम्ही दोघीच ऐसपैस!

बुरशी बाटलीत वाढवायची, गाळायची आणि उरलेलं पाणी पानात टोचायचं. पान तपकिरी पडलं की आम्ही खूश. एकदा मात्र एकही डाग पडेना. चौकशी केली तेव्हा घरमालकीण काकू म्हणाल्या, काविळीची साथ आहे म्हणून त्यांनी ते गढूळ पाणी उकळून ठेवलं होतं. सुनंदाला रडू फुटलं. सर मात्र जागचे उठलेच. “उकळल्यावर विष गेलं! म्हणजे ते प्रथिनच असणार!” पुढे प्रथिनं तोडणारं एन्झाइम घालून पाहिलं, तेव्हाही डाग पडला नाही. काकूंना पेढे दिले. कशाचे, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि साखरशेतच्या पारूबाई. घरचे सगळे नवं बियाणं पेरा म्हणत होते, त्या जुनी नागली सोडत नव्हत्या. त्यांच्या शेतात आम्ही तेच पाणी टोचलं. इतर जातींवर डाग पसरत पसरत अख्खं पान वाळायचं. इथे दुसऱ्या दिवशी सुईच्या जागी टिकलीएवढा डाग, बाकी पान हिरवंगार! सर बांधावर अक्षरशः नाचले. मग त्यांनी पारूबाईंना सांगितलं, नागलीनं करप्याला ओळखलं आणि तो पुढे सरकू नये म्हणून भोवतालचा स्वतःचाच भाग मारून टाकला.

पारूबाई सगळ्यांनाच अरेतुरे करायच्या. बराच वेळ त्या डागावर बोट फिरवत राहिल्या.

“पण करपा आलाच नव्हता ना? तू तिला फसवलंस. पुन्हा टोचशील तेव्हा आधी सांग तिला, खोटं आहे म्हणून.”

आम्ही दोघी हसलो. सर हसले नाहीत. पुढच्या खेपेला सिरिंज भरल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रोपाजवळ वाकले आणि हळूच काहीतरी पुटपुटले.