उजव्या सीटचा पट्टा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. उस्मानभाईच्या गॅरेजमागे जुने सायलेन्सर साचले होते, तसेच. कुणी टाकले ते आठवत नाही, आणि उचलायला गेलं की हात काळे होतात. आता ऐकायला बसलाच आहात, तर हात काळे करून घेतो.

मी सुधाकर, त्या गॅरेजमधला वायरमन. गाड्यांचं लाइटचं काम माझं, बाकी सगळं उस्मानभाईचं. रत्नागिरीत माझी एकच ख्याती होती, सुधा कधी 'होत नाही' म्हणत नाही. ट्रक आणा, मच्छीमारांची लाँच आणा, कुणाच्या मुलीच्या रुखवतातला मिक्सर आणा. लग्न तेवढं माझं जमलं नाही, पण तो काही इलेक्ट्रिकचा फॉल्ट नव्हता!

गॅरेज बंद झालं की मी, माझी खोली आणि खानावळीचा डबा. म्हणून मी संध्याकाळी गॅरेज लवकर बंदच होऊ देत नसे. त्या वेळेला मयेकरकाका यायचे, स्टुलावर बसायचे, चहा मागवायचे, आणि दिवस जरा माणसात आल्यासारखा वाटायचा.

काका बोटीवर इंजिनीयर होते. रिटायर होऊन मांडवीला घरी परतले ते थेट लाल रंगाची स्पोर्ट्स गाडी घेऊन. दोन दारं, लांब नाक, बसकी इतकी की आत बसलेला माणूस रस्त्यावरच बसलाय असं वाटावं. मुंबईत कुणा परदेशी साहेबाची होती, सात-आठ वर्षं वापरलेली. सन ब्याऐंशीची ही गोष्ट. गाडी बघायला अर्धं गाव लोटलं होतं.

*

त्या गाडीच्या अंगात एक शहाणपणा होता. पुढच्या दोन्ही सीटांखाली स्विच. वजन पडलं की गाडी समजायची, माणूस बसला. मग त्या माणसाने पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच व्हायचं नाही. तेही आधी बसायचं, मग पट्टा. पट्टा कायमचा अडकवून ठेवला तरी गाडीला फसवता येत नसे, दर वेळी काढून नव्याने लावावा लागे. आणि बझर तर असा की कानठळ्या बसाव्यात.

उस्मानभाई पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, वायर कापून टाकूया. दोन मिनटांचा काम."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "उस्मान, बोटीवर सेफ्टीला हात लावणाऱ्याला मी पुढच्या बंदरात उतरवायचो."

वायरचा विषय तिथेच मिटला.

दुसरी भानगड म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. समोर एसटी किंवा ट्रक असला की पलीकडून कोण येतंय ते काकांना दिसायचंच नाही. ते उजव्या सीटवर बसलेल्या मालतीकाकींना दिसायचं. काका मान जरा उजवीकडे कलती करायचे, काकी रस्ता बघायच्या आणि म्हणायच्या, "हां, जा!" त्या 'जा' म्हणाल्याशिवाय काकांनी कधी बैलगाडीदेखील ओलांडली नाही. काका म्हणायचे, "बाकी सगळी सेफ्टी कंपनीची. ही घरची."

*

एकदा देवरूखहून शेजारच्या दुकानात ट्रंककॉल आला. "सुधा, गाडी बंद पडली. ये."

देवरूख काकींचं माहेर. मी एसटीने टूल किट घेऊन दोन-अडीच तासांनी पोचलो. बॅटरी तपासली, ठीक. स्टार्टर ठीक. वायरी ठीक. मग पुढच्या सीटवर नजर गेली. तिथे काकींच्या भावाने दिलेला भलामोठा फणस बसलेला! मागच्या सीटकडे जायच्या फटीतून तो शिरला नव्हता, म्हणून काकी मागे आणि फणस पुढे. वजन दहा-बारा किलो तरी असेल. गाडीच्या हिशेबाने तो माणूसच.

मी पुढे झालो आणि फणसाला पट्टा लावला. काकांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू!

माहेरची सगळी मंडळी हसून लोळायची बाकी राहिली. मागून काकींचा आवाज आला, "मेल्या सुधा, त्या फणसाची काळजी घेतलीस. माझे गुडघे हनुवटीला टेकलेत, ते दिसत नायत तुला?"

येताना मीही मागे काकींशेजारी स्वतःला कोंबून घेतलं. त्या सीटवरून एकच गोष्ट दिसते, काकांच्या डोक्यामागचं टक्कल. पुढचा रस्ता तिथून दिसतच नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही कुणालाच ओव्हरटेक केलं नाही. फणस काही 'जा' म्हणाला नाही.

*

एकदा सत्यनारायणासाठी काका गुरुजींना आणायला गेले. गुरुजींचं पोट असं की पट्टा अर्ध्यावरच संपला. पट्टा लागेना, गाडी सुरू होईना.

शेवटी काका म्हणाले, "गुरुजी, किल्ली फिरवेपर्यंत जरा अधांतरी व्हा." गुरुजींनी वरचा हँडल धरून स्वतःला उचललं, गाडी सुरू झाली, आणि गुरुजी टेकले. त्याबरोबर बझर! घर येईपर्यंत तो काही थांबला नाही. बाजारातले लोक दवाखान्याची गाडी समजून बाजूला होत होते.

दारात उतरून गुरुजींनी घाम पुसला. "मयेकर, जाताना मी रिक्षाने जाईन. तिला माझ्या पोटाशी काही देणंघेणं नाही!"

*

हा किस्सा काकांनी स्वतः सांगितला होता, काकी शेजारी उभ्या असताना. घरातून निघताना दोघांचं वाजलं. कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं. काकींनी पट्टा लावला आणि तोंड मिटलं.

हातखंब्याला पुढे लाकडांनी भरलेला ट्रक लागला. काकांनी मान कलती केली. काकी गप्प. निवळीचा घाट आला. ट्रक बैलाच्या चालीने चाललेला, धूर सगळा यांच्या तोंडावर. काकांनी दहा वेळा मान कलती केली. काकी बाहेरचं रान बघत बसलेल्या. काकाही हट्टी. विचारतील तर मयेकर कसले!

घाट उतरून बावनदी आली, तेव्हा काकींनी रुमाल नाकाला लावला आणि ओरडल्या, "जावा एकदाचे! जीव जायचा माझा!"

"भांडण मिटलं?" मी विचारलं.

"मिटलं कसलं," काकी म्हणाल्या, "ह्यांनी ट्रकला मागे टाकलंनी, मला कुठे?"

*

पुढच्याच्या पुढच्या वर्षी काकी गेल्या. दोन महिन्यांचं दुखणं. मी स्मशानात गेलो होतो, पण काकांशी बोलायला शब्द सुचला नाही. गॅरेजमध्ये आम्ही जे बोलायचो ते सगळं हसण्याचं होतं, आणि दुसरं काही बोलायची आम्हाला सवयच नव्हती.

काका महिनाभर आले नाहीत. मी स्टूल रोज बाहेर काढून ठेवायचो आणि रोज आत घ्यायचो.

मग एक दिवस एसटीचा एक ड्रायव्हर गॅरेजात आला. देवरूखच्या गाडीवर असायचा. "ओ मेस्त्री, त्या लाल गाडीवाल्यांना सांगा जरा. निवळीपासून माझ्या पाठी लागतात. मी हात दाखवून दमलो, पुढे जा म्हणून. जात नायत. मी थांब्यावर थांबलो की तेही थांबतात. काल एक म्हातारी विचारते, मागनं वरात येते काय?"

उस्मानभाई हसला. मला हसू आलं नाही.

काका आले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, "उजवीकडचं दिसत नाही रे."

*

मांडवीचा खारा वारा लोखंड खातो. त्या पावसाळ्यात उजव्या सीटखालचा स्विच गंजून चिकटला. सीट रिकामी असली तरी गाडीला वाटायचं, कुणीतरी बसलंय. झालं! आता काकांना दर वेळी वळसा घालून उजवीकडे जावं लागे, रिकाम्या सीटचा पट्टा काढून पुन्हा लावावा लागे, मग आपल्या जागी येऊन बसावं लागे.

बाजारात लोक बघायचे. आधी हसले. मग हसायचे थांबले आणि कुजबुजायला लागले, मयेकर कामातून गेले. ते मला सहन होईना. एका दुपारी काका बँकेत गेले असताना मी त्यांना न विचारता डॅशबोर्डखाली शिरलो, त्या स्विचच्या वायरी सोडवल्या आणि बायपास दिला, म्हणजे गाडीच्या लेखी ती सीट कायमची रिकामी. एक वायर, वर काळी टेप. पाच मिनिटं.

काका आल्यावर म्हणालो, "काका, झाला फॉल्ट दूर. आता पट्टा लावायची गरज नाही."

ते म्हणाले, "केलंस? बरं."

मग ते वळसा घालून उजवीकडे गेले आणि पट्टा लावला. मला वाटलं, सवय. सुटेल हळूहळू.

वर्ष झालं तरी सुटली नाही.

*

आता शेवटचा.

काकांचा मुलगा संजय मुंबईला असतो. चांगला आडदांड, मनाने तितकाच मऊ. कुणीतरी त्याला पत्र टाकलं, वडील रिकाम्या सीटला पट्टा बांधून फिरतात. संजय रजा काढून आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना घेऊन गाडीसकट गॅरेजात हजर.

काका स्टुलावर बसले. संजयने मला बाजूला घेतलं.

"सुधाकाका, मला खरं काय ते सांगा. गाडीचाच दोष असेल तर मला काही म्हणायचं नाही. पण बाबा स्वतःहून करत असतील, तर मी त्यांना इथे एकटं ठेवणार नाही. आजच मुंबईला नेतो. गाडी विकून टाकतो."

दोष तर मी वर्षापूर्वीच काढला होता. खरं सांगावं तर काका उद्या या स्टुलावर नसणार. मग संध्याकाळी मी बोलणार कुणाशी, उस्मानभाईच्या जॅकशी? पण खोटं सांगावं, तर मुलाने किल्ली फिरवली की गाडी सुरू होणार आणि माझं खोटं भर गॅरेजात उघडं पडणार.

मी म्हणालो, "गाडीचाच दोष आहे."

"बघू," संजय म्हणाला. तो डाव्या सीटवर बसला, आपला पट्टा लावला. शेजारची सीट मोकळी, पट्टा मोकळा. मी डोळे मिटले. त्याने किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली नाही! लाल दिवा लागला आणि बझर कोकलायला लागला.

मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. माझी वायर तिथे नव्हती. मूळच्या दोन्ही वायरी परत आपापल्या जागी जोडलेल्या, आणि सांध्यावर टेपऐवजी मेणाचा दोरा, वेढ्याला वेढा लावून घट्ट आवळलेला. असा दोरा बोटीवरची माणसं गुंडाळतात. रत्नागिरीतला एकही वायरमन गुंडाळत नाही.

डोकं बाहेर काढलं. काका चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"रिपेअर होईल ना हे?" संजयने विचारलं.

उस्मानभाई माझ्याकडे बघत होता. आता काकाही बघायला लागले.

"होत नाही," मी म्हणालो.

उस्मानभाईच्या हातातला पाना खाली पडला.

"याचा पार्ट मिळत नाही," मी रेटून सांगितलं. "चालवायची तर पट्टा लावूनच."

संजयने खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला. "मग ठीक आहे. मला वाटलं..." त्याने आपली बॅग उचलली. म्हणाला, "बाबा, मला स्टँडवर सोडा. संध्याकाळची मुंबई गाडी मिळेल."

काका उठले. वळसा घालून उजवीकडे गेले, वाकून पट्टा लावला, एकदा ओढून बघितला. संजय त्या दाराशी येऊन उभा राहिला. बसण्यासाठी पट्टा काढायला त्याने हात घातला.

"मागे बस," काका म्हणाले.

संजयने सीटकडे बघितलं. मग बापाकडे. मग तो एवढा आडदांड माणूस डाव्या दाराने मागे शिरला. बॅग मांडीवर, गुडघे हनुवटीला, डोकं छताला.

गाडी सुरू झाली. आमच्या गॅरेजसमोर रस्ता सरळ चढावर जातो, पार वळणापर्यंत दिसतो. चढावर एक एसटी घरघरत चाललेली. लाल गाडी तिच्या मागे जाऊन लागली. नेहमीसारखीच, आता स्टँडपर्यंत तशीच जाणार, असं म्हणून मी वळणार होतो. तेवढ्यात मागच्या काचेतून काकांचं टक्कल उजवीकडे कलतं झालेलं दिसलं. क्षणभर तसंच राहिलं.

आणि गाडी झपकन बाहेर आली, एसटीला मागे टाकून वळणाआड गेली.

उस्मानभाई पाना उचलायला वाकला होता, तो तसाच थांबला.

"सुधा," तो म्हणाला, "'जा' कोण म्हणाला रे?"