लांब बाह्या

माझ्या बायकोच्या अंगावर गाठी होत्या. हरभऱ्याएवढ्या, मऊ, हातांवर, मानेवर, गालावर. जन्माचा आजार, तिच्या आईकडून आलेला. तो कोणाला लागत नाही. तरी हळदीकुंकवाला बायका तिला बोटाच्या टोकानं, लांबूनच कुंकू लावायच्या. मी काय करायचो? उल्हासनगरातून ब्लाउजचं कापड आणायचो आणि शिंप्याला सांगायचो, बाह्या मनगटापर्यंत ठेव. चाळीस वर्षं हेच. मला वाटायचं, मी हिला जपतोय.

मग अंबरनाथच्या दवाखान्यातून तिला गुरुवारच्या बैठकीला बोलावलं. असाच आजार असलेल्या आठ-दहा बायका आणि त्यांना मनातलं बोलतं करणारी एक ताई. मी म्हटलं, गप्पा मारून गाठी जातात काय? गाठी नाही गेल्या. पण ही रिक्षातून उतरायची ती हसत. कात्रपच्या आमच्या घरात ते हसू मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे आलेलं नव्हतं. अंगाचा तिळपापड व्हायचा. जेवताना खोदून विचारायचो, आज काय बोललीस. म्हणायची, तिथलं तिथंच ठेवायचं असतं.

एकदा चिडून विचारलं, "तिथं असं काय मिळतं जे घरात नाही?"

भाकरी थापता थापता म्हणाली, "तिथं मला कोणी झाकत नाही हो."

पुढं तिनं हिरवा ब्लाउज शिवून घेतला, अर्ध्या बाह्यांचा. फक्त बैठकीला घालायची.

गेल्या दिवाळीनंतर ती हार्टनं गेली. नवऱ्याआधी गेली म्हणून हिरवी साडी, मळवट, सगळं नवरीसारखं करायचं. बैठकीतल्या बायका आल्या. हळद लावायला त्याच पुढं झाल्या, सगळा तळवा टेकवून तिच्या हातांवरून फिरवत होत्या. ताई बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, अर्ध्या बाह्यांचा घालू ना? तिला तोच आवडायचा."

ते मला ठाऊक होतं. पण माझ्या बायकोला काय आवडायचं हे त्या बाईनं मला सांगावं, हे सोसलं नाही. म्हटलं, "बायको माझी आहे. लांब बाह्यांचाच घाला."

कोणी वाद घातला नाही. घातला असता तर मी ऐकलं असतं, असं आता वाटतं. शेवटी पण मी तिला झाकूनच पाठवलं, आणि या वेळी लोकांच्या नजरेसाठी सुद्धा नाही. त्या बायकांचं खरं होऊ नये म्हणून.

ताईचा फोन येतो, काका, गुरुवारी येऊन बसत जा. मी जात नाही. ती माझ्याबद्दल तिथं काय बोलली ते त्या सगळ्यांना माहीत आहे. मला नाही.