पारोशा हातांचा हार

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. गंगापूरकडच्या दहा गुंठ्यांत आई झेंडू आणि गुलाब लावायची, उजाडताच तोडायची आणि पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीत विकायला बसायची. त्या पाटीवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मिरवते. का मिरवू नये? शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा आईला म्हटलं, आता पाटी खाली ठेव. तर म्हणाली, मग देवाचा हार कोण करील, तुझी हेडबाई? तिचा नेम ठरलेला होता. रामकुंडावर डोक्यावरून आंघोळ, मग पहिला हार देवळात, मग धंदा. पारोशा हाताने, म्हणजे आंघोळ न केलेल्या हाताने, देवाच्या फुलाला शिवायचं नाही.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी तिचा उजवा खांदा दुखायला लागला. पाटीचा भार, असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. वर्षभर आम्ही तेल चोळत बसलो. मग करंगळीला मुंग्या यायला लागल्या आणि हाराची गाठ मारताना दोरा हातातून सुटायला लागला, तेव्हा कुठे छातीचा फोटो काढला. फुफ्फुसाच्या अगदी शेंड्याला गाठ होती, वरच्या बरगड्यांना चिकटलेली. कॅन्सर. जिने जन्मात विडीला हात लावला नाही, फक्त चुलीचा धूर गिळला, तिला भावकीतले विचारायचे, चोरून ओढत होतीस का गं? मामा म्हणाला, घरी ने, आवडेल ते खाऊ घाल. मी त्याला दार दाखवलं. त्या दिवसापासून देवापुढचा दिवाही मी लावला नाही. इतकी वर्षं तुला हार घातले त्याचं हे फळ का, असं मी देवाला तोंडावर विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं की एका उपायाने भागायचं नाही. किमो आणि शेक, म्हणजे किरणांचे उपचार, बरोबरच द्यायचे, गाठ आक्रसली की ऑपरेशन करून ती काढायची. मी हे आईला विज्ञानाच्या भाषेत समजावत होते. तिने मध्येच तोडलं, ‘म्हणजे फवारणी, चटका आणि मग छाटणी. गुलाबाला करतो तेच ना? करू दे मग.’

शेकाच्या आधी तिच्या मानेपासून छातीपर्यंत जांभळ्या शाईने रेघा आखल्या. किरण रोज त्याच जागी पडायला हवेत. रेघा पुसल्या तर सगळं मोजमाप पुन्हा करावं लागणार, दिवस फुकट जाणार, म्हणून तिथे पाणी लागू द्यायचं नव्हतं. किमोच्या उलट्या तिने सोसल्या. शेकाने घसा इतका भाजला की पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, तेही सोसलं. पण आंघोळ बंद म्हणजे हार बंद, हे तिला सोसेना. त्यात आत्या भेटायला आली आणि बोलून गेली की घरात पारोशी बाई आणि देवाला ना हार ना दिवा, देव कोपेल नाही तर काय होईल? मी आत्याला बरंच सुनावलं. पण ते शब्द आईच्या आत जाऊन बसले होते.

अर्धे शेक झाले होते. एका सोमवारी सकाळी आई घरात दिसेना. कोपऱ्यातली फुलांची परडीही नव्हती. मी रिक्षा करून रामकुंड गाठलं. ती पायऱ्या उतरून पाण्याशी पोहोचली होती. मी दंड धरला तर म्हणाली, ‘सोड. मरायचंच असलं तर न्हाऊन मरते.’ अंगात बळ नव्हतं तिच्या, तरी मला ती ओढवेना.

शेजारी एक बाई लुगडं पिळत होती. आईच्याच वयाची, पेठ तालुक्याकडची असावी. तिने आईच्या गळ्यापाशी पाहिलं, पिळा खाली ठेवला आणि जवळ आली. ‘शेक चाललाय ना?’ म्हणाली आणि स्वतःचा पदर बाजूला केला. तिच्या गळ्याखालची कातडी काळवंडलेली होती, एका चौकोनात. ‘मला बी व्हत्या ह्या रेघा. नाशकात राहून रेघेचं कळत नाय व्हय तुला? इथंच सीतामाईनं वलांडली, काय झालं ठावं हाय ना?’

आई हसली. किती आठवड्यांनी हसली. त्या बाईने ओंजळीने पाणी घेऊन आईच्या पायांवर ओतलं आणि म्हणाली, ‘झाली तुझी आंघोळ. आता हार कर, मी देते देवळात.’ आई तिथेच पायरीवर बसली आणि पारोशा हातांनी, मुंग्या आलेल्या बोटांनी, तिने हार ओवला. तीन वेळा दोरा सुटला. ती बाई घाई न करता उभी राहिली, मग हार घेऊन वर गेली. तिचं नावही आम्ही विचारलं नाही. शेकाच्या विभागात मी नंतर चौकशी केली, कित्येक सोमवार रामकुंडावर थांबले. ती पुन्हा दिसली नाही. ती कोण होती याचा कीस मी आता काढत नाही.

उरलेले शेक आईने एकही न चुकवता घेतले. पूर्वी मला वाटायचं, शरण जाणारी माणसं हरलेली असतात. पण त्या यंत्राखाली ती बोटही न हलवता पडून राहायची, आणि बाहेर आली की आत्याचंही भलं होवो म्हणून तिच्या नावाने माळ जपायची. मी घरी दिवा पुन्हा लावला. देवाशी भांडण मिटलं असं नाही, बोलणं मात्र सुरू झालं.

महिनाभराने मुंबईला ऑपरेशन झालं. फुफ्फुसाचा वरचा भाग आणि दोन बरगड्या काढल्या. काढलेल्या गाठीत कॅन्सरची जिवंत पेशी सापडली नाही, असा रिपोर्ट आला. मी तो इंग्रजीत वाचला, मग आईला मराठीत, मग आत्याला मोठ्याने.

त्याला पाच वर्षं झाली. आईची करंगळी अजून बधिर आहे, चढ चढताना दम लागतो. पाटी आता हातगाडीवर असते. पण पहिला हार रोज तीच करते, आंघोळीच्या आधी.