मंगळवार, गुरुवार, शनिवार

ताई गेल्यानंतर महिन्याभराने कारखान्याने मला एका समितीवर घेतलं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना कापड रंगवण्याचा. माझं काम आकड्यांचं. विभागाविभागातून काय आलं ते वह्यांतून बघून संगणकात भरायचं, रोजचा तक्ता मुख्य ऑफिसला पाठवायचा आणि महिनाअखेरीस त्यांचे मोठे तक्ते करायचे. हे तक्ते कुणी वाचत नाही, अशी मुख्य ऑफिसची तक्रार होती आणि ती खरी होती. तेव्हा आकडे आपोआप आलेखात दिसतील, साहेबांना फोनवरसुद्धा दिसतील, असं एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. तीन कंपन्यांचे लोक येऊन दाखवून जाणार होते, त्यातली एक निवडायची. समितीत फॅक्टरी मॅनेजर, खरेदी विभागाच्या मॅडम आणि मी.

नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून मी हो म्हणालो. त्या दिवसांत बऱ्याच गोष्टी अशाच होत. संध्याकाळी चिंचणीला परतायचं, कुलूप काढायचं, कुकरमध्ये दोन वाट्या तांदूळ टाकायचे आणि मग एक वाटी परत डब्यात ओतायची.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गावच्या शाळेत तिने उभा जन्म गणित शिकवलं. लग्न दोघांनीही केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि पुस्तकं. शेवटचे अकरा महिने ती डायलिसिसवर होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी एक ते पाच, बोईसरलाच. त्या दिवशी मी बाराला कारखान्यातून निघायचो. मॅनेजरनी त्याची परवानगी दिली होती, हे आधीच सांगायला हवं. माणूस वाईट नाही.

पहिल्या कंपनीचा माणूस आला तो नमुन्याचे आकडे घेऊनच. कुठल्या शहरात कुठलं आइस्क्रीम किती खपतं, याचे गोल, खांब, नकाशे. बोट लावलं की रंग बदलायचा. मॅडम म्हणाल्या, "छान आहे. पण आइस्क्रीम आणलंय का?" तो हसला. मी म्हणालो की आइस्क्रीमवरून आम्हाला काही ठरवता येणार नाही, पुढच्यांना आमचीच फाईल लावून दाखवायला सांगू. त्या समितीत मी केलेली ही पहिलीच सूचना. सगळ्यांना ती पटली.

दुसऱ्या कंपनीसाठी मी ईटीपीची फाईल दिली. ईटीपी म्हणजे रंगाचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी शुद्ध करायचा विभाग. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी तिथे पाण्याचा पीएच मोजून वहीत लिहितात. शाळेत आम्ही त्याला सामू म्हणायचो. सातच्या आसपास असला की पाणी ठीक. वर्षभराचे सरळसोट आकडे, रकाने सारखे, म्हणून मला ती फाईल सोयीची वाटली.

पडद्यावर निळी रेघ आली. सातावर चालत होती, मध्येच खाली शून्यावर पडत होती, पुन्हा वर येत होती, पुन्हा पडत होती. दोन्ही टोकांचा थोडा भाग सोडला तर सगळीकडे कंगव्याचे दात.

कंपनीचा माणूस खूश झाला. "पाहा सर, तक्त्यात हे कधी दिसलं असतं का?" त्याने कुठेतरी दाबलं, आणि त्या रेघेचे सात खांब झाले, आठवड्याच्या सात वारांचे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार लाल.

मॅनेजर पुढे झुकले. "पीएच शून्य असू शकत नाही. म्हणजे रीडिंग घेतलंच नाही. दुपारची दोन, चार आणि सहाची." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "काका काय करतात मंगळवार-गुरुवार-शनिवारी?"

"मासळी विकायला जात असतील," मॅडम म्हणाल्या.

"हसू नका. त्यांचा मुदतवाढीचा अर्ज माझ्या टेबलावर आहे."

काका म्हणजे ईटीपीचे ऑपरेटर. आमच्याच गावाकडचे, होडीवाल्या घरातले. वडिलांची होडी भावाकडे गेली आणि हे कारखान्यात आले, त्याला पंचवीसेक वर्षं झाली. त्या वर्षाअखेर निवृत्त व्हायचे होते. मुलीच्या नर्सिंगचं एक वर्ष राहिलं होतं, म्हणून त्यांनी एक वर्ष वाढवून मागितलं होतं.

त्या खोलीत तो कंगवा ओळखणारा मी एकटाच होतो; परवानगी देणाऱ्या मॅनेजरनाही ते वार आठवले नाहीत. रोजचा तक्ता मुख्य ऑफिसला पाठवल्याशिवाय मला निघता येत नसे, आणि एकही रकाना रिकामा असला तर तो जात नसे. ताईच्या दिवशी मी बाराला निघायचो. दोन, चार आणि सहाची रीडिंग तोवर घेतलेलीच नसायची. मी तिन्ही जागी शून्य टाकून तक्ता पाठवायचो आणि दुसऱ्या दिवशी वहीवरून खरे आकडे भरायचो. पहिले काही आठवडे भरले. मग ताईला ताप येऊ लागला, मग हातातली नस बिघडली, आणि भरायचे राहत गेले. काकांनी एकही रीडिंग चुकवलं नव्हतं. चुकवलं होतं मी.

मी बोललो नाही. बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्या थंड खोलीत डायलिसिस हा शब्द तोंडातून काढायची माझ्यात ताकद नव्हती. हे कारण आहे. सबब म्हणून ते चालतं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. कंपनीच्या माणसाने चहा घेतला, पत्रकं ठेवली आणि तो गेला.

दोन दिवसांनी मी ईटीपीकडे गेलो. काका टाकीच्या कठड्याशी उभे होते, हातात चुन्याने पांढरी झालेली बादली.

"भाऊ, सायबांनी बोलावलेला मना," ते म्हणाले. "म्हनतात, दुपारचा तू जागेवर नसतो. मी नसतो तं पंप काय आपसूक चालतो?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय बोलनार? पडद्यावर दिसतंय म्हनले. पडद्याशी कोन भांडनार?"

"वही दाखवायची."

"वही बगायला टाइम नाय त्यांना. वही आता बंदच होनार हाय म्हनले." बादली खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी जेवता काय नाय? बाई असत्या तं बोलल्या असत्या तुमाला."

त्यांची मुलगी चौथीपर्यंत ताईकडे शिकली होती. गावात सगळे ताईला बाई म्हणत.

मी वह्या मागितल्या. चार वह्या, पुठ्ठ्याच्या, कडा ओल्या होऊन वाळलेल्या. पहिल्या मंगळवारी दुपारी दोनला ७.२, चारला ७.१, सहाला ७.२. खाली आडवी सही. गुरुवारी तसंच, शनिवारी तसंच. पुढचं मी पाहत गेलो, पण पाहायची गरज नव्हती.

वह्या टेबलावर घेऊन मी भरायला बसलो. घाई करण्यासारखं काम होतं, पण मला घाई जमली नाही. मुदतवाढीचा निर्णय महिनाअखेरीस व्हायचा होता, तेवढे दिवस हातात होते. रोज जेवणानंतर थोडे थोडे रकाने भरायचो. एकेक शून्य खोडताना ती दुपार समोर यायची. ७.१ लिहिताना आठवायचं की त्या वेळी ताई मला मोठ्याने वाचायला सांगत होती आणि दुसऱ्या पानावर झोपली होती. ७.३ लिहिताना आठवायचं की शेजारच्या पलंगावरच्या आजोबांचं मशीन वाजू लागलं होतं आणि नर्स येईपर्यंत ताई त्यांना धीर देत होती. तिला दिवसाला मोजून पाणी मिळायचं. तहान लागली की ती बर्फाचा खडा मागायची आणि तो विरघळेपर्यंत बोलायची नाही. त्याच वेळी तीन किलोमीटरवर काका वाटीत पाणी घेऊन मीटर बुडवत होते. अकरा महिने हे दोन ठिकाणी एकाच वेळी चाललं होतं, हे मला आत्ता कळत होतं.

ताई पेपर तपासायची तेव्हा एक नियम पाळायची. चुकीच्या गणिताला शून्य, आणि न सोडवलेल्या गणितापुढे नुसती आडवी रेघ. मुख्याध्यापक म्हणत, बेरजेत काय फरक पडतो? ती म्हणायची, मुलाला पडतो. मी लहानपणी तिच्याशेजारी बसून गुणांची बेरीज करायचो. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

चौथ्या वहीत शेवटी शेवटी एक शुक्रवार आला. शुक्रवारी माझी शून्यं असायचं कारण नव्हतं, पण फाईलमध्ये होती. ताई गुरुवारी पहाटे गेली. मुंबईचे नातेवाईक उशिरा आले म्हणून शुक्रवारी दुपारी नेली. दिवस संपवून कामावर आल्यावर मी मागचे सगळे दिवस एका बैठकीत भरले होते, त्यात त्या शुक्रवारी सवयीने तीन शून्यं टाकली असणार. वहीत त्या दिवशी दोन, चार आणि सहाच्या जागी आडव्या रेघा होत्या. शेऱ्यात काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: बाईंच्या मयतीला गेलो. पंप दुसऱ्या ऑपरेटरने बघितला.

त्या दिवसाचं मला फार आठवत नाही. सुरूच्या झाडांपाशी निळ्या सदऱ्यातलं कुणीतरी उभं होतं, एवढं आठवतं. तो सदरा आमच्या कारखान्याचा होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी वही घेऊन पुन्हा काकांकडे गेलो. त्यांच्या आधीच्या-नंतरच्या सगळ्या रीडिंगवरून तिथे सातच असणार हे उघड होतं. तीन रकाने भरले की फाईल अखंड झाली असती आणि कुणी काही विचारलं नसतं.

"सात लिहू का?" मी विचारलं.

काकांनी शेरा वाचला, जणू दुसऱ्या कुणी लिहिलाय. "नाय घेतला तो नाय घेतला. बाईंनी आयकलं असतं तं तुमचा कान पिळला असता."

"साहेब विचारतील, विभाग सोडून का गेलात."

"मंग विचारतील. सांगू."

त्या तीन जागा मी रिकाम्या ठेवल्या.

तिसरी कंपनी यायच्या सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. मॅडमही तिथेच होत्या. काय झालं ते मी पहिल्यापासून सांगितलं आणि चारही वह्या टेबलावर ठेवल्या. मॅनेजरनी मधलीच एक उघडली, पानं उलटली.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"थकलो होतो."

"सगळेच थकतात." त्यांनी वही मिटली. "मी काकांना काय काय बोललो, माहीत आहे तुम्हाला?"

"थोडं."

"लेखी द्या."

"आणलंय," मी म्हणालो आणि कागद दिला. त्यांनी तो न वाचता ट्रेमध्ये ठेवला. मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मासळीचं मी उगाच बोलले."

दुपारी तिसऱ्या कंपनीच्या बाईंसमोर आम्ही दुरुस्त केलेली फाईल लावली. आधीच्या दोघांनाही मी तीच पाठवून चित्रं मागवली होती. कंगवा गेला होता. वर्षभर सातावर चालणारी कंटाळवाणी रेघ, आणि तो एक शुक्रवार. पहिल्या सॉफ्टवेअरने तिथे रेघ शून्यावर आपटली होती. दुसऱ्याने शुक्रवार दुपारपासून शनिवार सकाळपर्यंत सरळ रेघ ओढून टाकली होती, जणू मध्ये ती दुपारच नव्हती. सोबत लिहिलं होतं, राहिलेल्या नोंदी आपोआप भरल्या जातात. तिसऱ्यात रेघ तुटली होती. एक बारीक फट आणि पलीकडे पुन्हा सुरुवात.

"सॉरी हं, हे जरा वाईट दिसतंय," त्या बाई म्हणाल्या. "जोडून देता येईल."

"जोडू नका," मी म्हणालो.

मॅनेजरनी विचारलं, "हा शुक्रवार राहिलाय का भरायचा?"

"नाही. त्या दिवशी रीडिंग घेतलेलं नाही. शेरा वहीत आहे."

त्यांनी तारीख पाहिली. माझ्या रजेच्या अर्जावर त्यांचीच सही होती. वही जवळ ओढून त्यांनी शेरा वाचला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले.

निवडीच्या टिपणात मी लिहिलं की सांडपाण्याच्या बाबतीत न घेतलेलं रीडिंग न घेतलेलंच दिसायला हवं, म्हणून तिसरं घ्यावं. ते कारण खरंच आहे. बाकी दोन जास्त देखणी होती, हेही लिहिलं. मुख्य ऑफिसने मंजुरी दिली.

काकांना एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. माझा कागद माझ्या फाईलला लागला आणि ईटीपीचे आकडे भरायचं काम माझ्याकडून गेलं. आता काका ते स्वतः एका टॅबवर भरतात. शिकवायला मीच गेलो होतो. पाण्याने मऊ झालेलं बोट काचेवर उमटेना, म्हणून ते सदऱ्याला पुसून पुन्हा दाबत होते.

"हिथं शेऱ्याला जागा नाय," ते म्हणाले.

खरंच नव्हती. मी कंपनीला लिहून एक चौकट वाढवून घेतली. त्यासाठी तीन पत्रं लागली.

आमच्या मजल्यावर जिन्यापाशी आता मोठा पडदा लावला आहे. त्यावर सगळ्या विभागांचे आलेख आळीपाळीने येतात. ईटीपीचा येतो तेव्हा मी पायरीवर थांबतो. आलेख नेहमी मागच्या एका वर्षाचाच असतो, त्यामुळे ती फट रोज एकेक दिवस डावीकडे सरकते. काकांचं वाढीव वर्ष संपेल त्याच सुमारास ती कडेला पोचेल आणि मग दिसणार नाही. काका परवा विचारत होते, बाईंचा शुक्रवार कुठवर आला. मी बोटाने जागा दाखवली. अजून बराच मध्ये आहे.